राउटर घेताना आधी पोर्टचा वेग पाहा

संपादक महोदय,

घरासाठी कमी किमतीतला वायफाय राउटर घ्यायचा म्हटले की खोक्यावरचा सगळ्यात मोठा आकडा आणि अँटेनांची संख्या या दोनच गोष्टींवर खरेदी ठरते. घरातला खरा वेग ज्यावर अवलंबून असतो ती माहिती मात्र खोक्याच्या कडेला बारीक अक्षरांत असते, नाहीतर नसतेच. मग ग्राहक मोठ्या प्लॅनचे पैसे भरत राहतो आणि वेग लहान प्लॅनचा मिळतो. हे टाळायला महागडा राउटर लागत नाही. काय पाहायचे ते माहीत असले की पुरते.

'एसी १२००' हा राउटरचा प्रकार घेऊ ('एसी' म्हणजे वायफायची पाचवी पिढी, पुढे येणारे 'एएक्स' म्हणजे सहावी). १२०० एमबीपीएस हा वेग कोणत्याच मोबाइलला मिळत नाही. २.४ गिगाहर्ट्झ बँडचे (बँड म्हणजे रेडिओ लहरींचा पट्टा) ३०० आणि ५ गिगाहर्ट्झ बँडचे ८६७ यांची ती बेरीज आहे, तीही वरच्या आकड्यापर्यंत ओढलेली. मोबाइल सहसा एका वेळी एकाच बँडवर जोडलेला असतो, म्हणजे त्याच्यापुरती कमाल ८६७. त्यातही हवेतून जाणाऱ्या प्रत्येक संदेशाची पोच घेणे आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणे यात बराच वेळ जातो. त्यामुळे राउटरजवळ बसूनही हाती साधारण निम्मा, फार तर साठ टक्के वेग लागतो. 'एएक्स १५००' म्हणजे ३०० आणि १२०१. 'एएक्स ३०००' मध्ये ५७४ आणि २४०२ असतात, पण त्या २४०२ साठी १६० मेगाहर्ट्झ रुंदीचे चॅनेल, म्हणजे बँडमधला एक तुकडा, लागते आणि ते मोबाइललाही चालावे लागते. नाही चालले तर तो मोबाइल १२०१ वरच जोडला जातो.

मोठी फसगत होते ती पोर्टमध्ये, म्हणजे केबल लावायच्या खाचेत. इंटरनेट राउटरमध्ये शिरते ते मागच्या वॅन पोर्टमधून, आणि कमी किमतीच्या कित्येक 'एसी १२००' राउटरचे हे पोर्ट फक्त १०० एमबीपीएसचे असते. प्लॅन २०० चा असो की ३०० चा, अशा राउटरमागे स्पीड टेस्ट ९३-९४ च्या वर जात नाही, वायफायवरही नाही. माहितीपत्रकात 'फास्ट इथरनेट' किंवा '१०/१००' लिहिले असेल तर ते १०० चे पोर्ट. 'गिगाबिट' किंवा '१०/१००/१०००' लिहिले असेल तर १००० चे. प्लॅन १०० पर्यंतचा असेल आणि वाढवायचा विचार नसेल तर १०० चे पोर्ट खुशाल घ्यावे, त्यात काही बिघडत नाही. फोर के चित्रपटाला १५ ते २५ एमबीपीएस पुरतात, तेव्हा लहान कुटुंबाला १०० चा प्लॅन भरपूर झाला. त्याच्या वरचा प्लॅन असेल तर मात्र वॅन आणि लॅन (घरातल्या उपकरणांची केबल लावायचे) दोन्ही पोर्ट गिगाबिट असल्याशिवाय राउटर घेऊ नये. काही मॉडेलांत वॅन गिगाबिट आणि लॅन १०० चे असते, म्हणून दोन्ही तपासावेत.

गिगाबिट पोर्ट घेऊनही आकडा ९४ वर अडला तर दोष बहुधा केबलचा असतो. १०० एमबीपीएसला केबलमधल्या तारांच्या चारपैकी दोन जोड्या पुरतात, नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला निळी आणि तपकिरी धरून चारही जोड्या लागतात. एक तार जरी सुटली तरी अनेकदा जोडणी मुकाट्याने १०० वर उतरते. इंटरनेट चालू राहते, म्हणून कोणाला संशयही येत नाही. प्लगचे पारदर्शक टोक उजेडात धरून पाहावे. आठही तारांची तांब्याची टोके पुढच्या भिंतीला टेकलेली हवीत, आणि केबलचे बाहेरचे जाड आवरण प्लगच्या आत, खटक्याखाली दाबलेले हवे. आवरण प्लगच्या बाहेरच संपत असेल तर ओढ थेट बारीक तारांवर येते आणि तो प्लग कधी ना कधी दगा देतो. तो कापून नवा बसवावा. साधी 'कॅट ५ई' केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट वाहून नेते. घरासाठी त्याहून भारी केबलवर खर्च करायची गरज नाही.

फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा सिंगल बँड राउटर आता कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. त्या बँडवर एकमेकांत न मिसळणारी चॅनेल तीनच आहेत, १, ६ आणि ११. इमारतीत वीस घरांचे वायफाय असले तर ती वीसही घरे या तीन चॅनेलांवर दाटीवाटीने असतात. शिवाय ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच. तरीही हा बँड बंद करू नये. भिंतींतून तो ५ गिगाहर्ट्झपेक्षा चांगला जातो, आणि स्मार्ट बल्ब, प्रिंटर अशी बरीच उपकरणे त्याच्यावरच चालतात. त्याच्या चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झवर ठेवावी. ४० वर ठेवून आकडा वाढतो, पण दाट वस्तीत त्रासही वाढतो.

अँटेना मोजून रेंज कळत नाही. राउटरने किती ताकदीने प्रक्षेपण करायचे याला कायद्याची मर्यादा असते, आणि चार अँटेनांपैकी बहुधा दोन एका बँडच्या, दोन दुसऱ्या बँडच्या असतात. मोबाइलचा सिग्नल उलट राउटरपर्यंत पोचावा लागतो, आणि मोबाइलची ताकद कमीच असते. राउटर घराच्या मध्यावर, उघड्यावर, खांद्याच्या उंचीला ठेवावा. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटात किंवा फ्रिजवर ठेवलेला चांगला राउटरही वाया जातो. तरीही लांबच्या खोलीत पोचत नसेल तर तिथपर्यंत केबल ओढून जुना राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलने आलेले इंटरनेट फक्त वायफायवर देण्यासाठी, लावावा. त्याचा डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटण्याची सोय) बंद करायचा, त्याला मुख्य राउटरपेक्षा वेगळा आयपी पत्ता (नेटवर्कमधला ओळख क्रमांक) द्यायचा आणि केबल वॅनमध्ये न लावता लॅन पोर्टमध्ये लावायची. एकाच बँडवर ऐकून त्याच बँडवर पुढे पाठवणारा स्वस्त रिपीटर वेग जवळपास निम्मा करतो.

फायबर जोडणीत आणखी एक घोळ होतो. कंपनीने बसवलेला ओएनटी (फायबरचे टोक ज्यात येते ती पेटी) बहुधा स्वतःच राउटरचे काम करत असतो, आणि त्याच्यामागे आपला राउटर लावला की राउटरमागे राउटर होतो. दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर इंटरनेट मिळतच नाही. अशा वेळी आपल्या राउटरचा लॅन पत्ता १९२.१६८.२.१ करावा. तेवढ्याने इंटरनेट सुरू होते, पण घराबाहेरून कॅमेरा पाहणे किंवा काही ऑनलाइन खेळ अडतात. यावर खरा उपाय म्हणजे सेवा देणाऱ्याकडून ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकून घेणे, म्हणजे तो राउटरचे काम सोडून इंटरनेट नुसते पुढे देतो. त्यानंतर लागणारे युजरनेम आणि पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरायचे, व्हीलॅन क्रमांक (कंपनीच्या नेटवर्कमधला आपल्या जोडणीचा क्रमांक) लागत असेल तर तोही विचारून घ्यायचा. ब्रिज मोड द्यायला नकार मिळाला तर आपला राउटर अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये ठेवावा. आणि स्वस्त राउटरवर क्यूओएस (कोणत्या वापराला आधी वेग द्यायचा ते ठरवणारी सोय) किंवा मुलांसाठीचे नियंत्रण चालू केल्यावर वेग एकदम पडला तर घाबरू नये. या सोयी चालू होताच काही मॉडेलांत सगळे काम चिपमधल्या खास भागाकडून साध्या प्रोसेसरवर येते आणि तो दमतो.

सुरक्षेबाबत खोक्यावर जवळजवळ काहीच छापलेले नसते, आणि हे मला सर्वांत गंभीर वाटते. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रॅमने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते मुख्यतः कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. राउटर लावला की पहिल्याच दिवशी अॅडमिन पासवर्ड बदलावा, बाहेरून नियंत्रण करण्याची सोय बंद करावी आणि डब्ल्यूपीएसही (वायफायचा पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करावे. डब्ल्यूपीएसचा पिन आठ अंकी दिसतो, पण तो दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा अंक पडताळणीचा असतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. ही त्रुटी २०११ पासून जाहीर आहे. डब्ल्यूपीए ३ ही वायफाय सुरक्षेची नवी पद्धत असलेला राउटर मिळत असेल तर तोच घ्यावा, जुन्या उपकरणांसाठी डब्ल्यूपीए २ सोबत चालवता येते.

खरेदीआधी उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचे शेवटचे फर्मवेअर (राउटर चालवणारे आतले सॉफ्टवेअर) कोणत्या तारखेचे आहे ते पाहावे. दोन वर्षांत काहीच आले नसेल तर तो राउटर तिथेच सोडावा. पाहताना खालच्या लेबलवरची हार्डवेअर आवृत्ती जुळवावी, कारण एकाच नावाच्या मॉडेलच्या पहिल्या आणि तिसऱ्या आवृत्तीत चिप, मेमरी, कधी कधी पोर्टसुद्धा वेगळे असतात. ज्यांना पुढे कंपनीच्या फर्मवेअरऐवजी ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त फर्मवेअर टाकायचे आहे त्यांनी तर आवृत्ती पाहिल्याशिवाय पैसे देऊच नयेत. १६ एमबी फ्लॅश (कायमची साठवण) आणि १२८ एमबी रॅमपेक्षा कमी असेल तर त्या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

नवा राउटर परत करण्याची मुदत संपण्याआधी चार ठिकाणी वेग मोजावा: लॅपटॉप केबलने थेट ओएनटीला, मग केबलने राउटरच्या लॅन पोर्टला, मग दोन मीटरवरून ५ गिगाहर्ट्झ वायफायवर, आणि शेवटी सर्वांत लांबच्या खोलीत. ज्या पायरीवर आकडा कोसळतो तिथे दोष. पहिल्याच पायरीवर कमी असेल तर राउटर बदलून उपयोग नाही, तक्रार सेवा देणाऱ्याकडे करायची.

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती उपकरणांच्या उत्पादकांना, सुरक्षा अपडेट किमान किती काळ देणार ते जाहीर करणे बंधनकारक केले आहे. सगळ्या नगांना एकच सोपा पासवर्ड देण्यालाही त्यात मनाई आहे. असे बंधन सगळीकडेच हवे, आणि त्यात वॅन पोर्टचा वेग खोक्याच्या दर्शनी बाजूला छापण्याची सक्तीही हवी. कायदा येईल तेव्हा येईल. आपल्या वृत्तपत्रात नव्या राउटरचा परिचय छापताना पोर्टचा वेग, हार्डवेअर आवृत्ती आणि शेवटच्या फर्मवेअरची तारीख एवढे आवर्जून द्यावे, ही विनंती.

आपला,
घरगुती नेटवर्क जोडणीचे काम करणारा एक वाचक