कंटेनर म्हणजे पेटी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'दोन महिन्यांत क्लाऊड इंजिनीअर' छापाच्या पाट्या आता तालुक्याच्या गावीही दिसतात. आम्ही सर्व्हर सांभाळण्याच्या कामातली मंडळी. या वर्गांत विषय ज्या क्रमाने शिकवले जातात तो क्रमच उलटा आहे, एवढे सांगण्यासाठी हे पत्र. पहिल्या आठवड्यात कुबरनेटीस (अनेक मशीनवरचे कंटेनर सांभाळणारी प्रणाली), मग टेराफॉर्म (क्लाऊडवरची यंत्रणा फाइलीत लिहून उभी करणारे साधन), आणि लिनक्स 'घरून शिकून या'. विद्यार्थी यामल फाइल (काय चालवायचे याची मांडणी) लिहितो, कमांड सोडतो, आणि पॉड, म्हणजे कुबरनेटीसने चालवलेला कंटेनरचा गट, पुन्हा पुन्हा पडू लागला की पडद्यावरच्या १३७ या आकड्याकडे बघत बसतो. अर्धे उत्तर त्या आकड्यातच असते, पण ते वाचायला लिनक्स यावे लागते.

कंटेनर म्हणजे ॲप त्याला लागणाऱ्या फाइलींसकट, बाकीच्यांपासून वेगळे चालवण्याची पद्धत. हे नाव मालवाहू पेटीवरून आले आणि घोटाळा तिथेच झाला. उबुंटू या लिनक्सच्या कोणत्याही मशीनवर डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनाने एनजिनएक्स या वेब सर्व्हरचा कंटेनर चालू करा आणि लगेच होस्टवर, म्हणजे मूळ मशीनवर, 'पीएस -ईएफ' ही चालू प्रोसेसची (चालू प्रोग्रामची) यादी देणारी कमांड मारा. एनजिनएक्सची मास्टर प्रोसेस बाकीच्या प्रोसेसच्या रांगेतच उभी दिसेल. पेटी कुठेच नसते. फक्त त्या प्रोसेसला कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जे जग दाखवतो ते तोकडे असते: तिला स्वतःचीच फाइल सिस्टीम दिसते, स्वतःचेच नेटवर्क कार्ड दिसते, शेजारी दिसत नाहीत. हे नेमस्पेसचे काम. तिने किती मेमरी आणि किती सीपीयू खायचा, हे सीग्रुप ठरवतो. डॉकरशिवायही हे करून बघता येते. 'सुडो अनशेअर --फोर्क --पिड --माउंट-प्रॉक बॅश' एवढी एक ओळ द्या आणि आत 'पीएस -ईएफ' मारा. यादीत दोनच नावे येतात: १ क्रमांकाचा बॅश आणि खुद्द पीएस. ज्याने हे एकदा डोळ्यांनी पाहिले त्याला कंटेनर म्हणजे काय ते पुन्हा सांगावे लागत नाही. यातले काही नवेही नाही. सीएचरूट (प्रोसेसला एका फोल्डरपुरते कोंडण्याची सोय) १९७९ च्या सुमारास युनिक्समध्ये आले, सीग्रुप गूगलच्या अभियंत्यांनी लिहिले आणि २००८ साली ते लिनक्स कर्नलच्या २.६.२४ आवृत्तीत पोचले. डॉकरने २०१३ मध्ये ही जुळवाजुळव एका कमांडीत बसवली, हे त्याचे खरे श्रेय.

व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे एका मशीनच्या आत सॉफ्टवेअरने उभे केलेले दुसरे पूर्ण मशीन) आणि कंटेनर यांतला फरक जुन्या वाड्यावरून चटकन कळतो. वाड्यातल्या बिऱ्हाडांची दारे वेगळी, चुली वेगळ्या, पण चौकातला हौद एकच. तो हौद म्हणजे कर्नल. तो नासला तर सगळ्या बिऱ्हाडांचे पाणी नासते. म्हणूनच अनोळखी माणसाचा कोड चालवायचा असेल तर त्याला बिऱ्हाड देऊ नये. स्वतःची विहीर असलेले घर द्यावे, म्हणजे स्वतंत्र व्हीएम.

आता १३७. लिनक्समध्ये सिग्नलने मेलेल्या प्रोसेसचा एक्झिट कोड १२८ अधिक सिग्नलचा क्रमांक असा दाखवतात. १३७ मधून १२८ गेले, उरले ९, म्हणजे सिगकिल, जागीच मारण्याचा सिग्नल. पण मारले कोणी? 'डॉकर इन्स्पेक्ट'मध्ये 'ओओएमकिल्ड' समोर 'ट्रू' असेल तर मेमरीची मर्यादा ओलांडली म्हणून कर्नलने मारले. 'फॉल्स' असेल तर बहुधा ते 'डॉकर स्टॉप'चे काम. ही कमांड आधी १५ क्रमांकाचा सिग्नल पाठवते, 'आवरून घे' अशा अर्थाचा, आणि १० सेकंदांत आवरले नाही तर ९ क्रमांकाचा. आपले ॲप दर वेळी बरोबर १० सेकंद घेऊन बंद होत असेल तर सुरुवातीची शेल स्क्रिप्ट तपासा. ॲप सुरू करणाऱ्या शेवटच्या ओळीआधी 'एक्झेक' लिहायचे राहिलेले असते. त्यामुळे १ क्रमांकावर शेल बसून राहतो, सिग्नल त्यालाच मिळतो आणि तो तो पुढे देत नाही. डेटाबेसला असे रोज मान मुरगळून बंद केले की एक दिवस तो उठताना कुरकुर करणारच. आणखी एक बारकावा: मेमरीपायी मूळ प्रोसेसऐवजी तिची एखादी पिल्लू प्रोसेस मारली गेली तर कंटेनर चालूच राहतो आणि १३७ कुठेच दिसत नाही. तेव्हा होस्टवर 'डीमेसेज', म्हणजे कर्नलचे संदेश, वाचावे लागते.

व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे व्हीएम चालवणे, 'जुने झाले' म्हणून बरेच वर्ग ते गाळतात. आमच्या मते ही मोठी चूक आहे. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ही व्हीएमचे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी विकत घेतली आणि महिन्याभरातच कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद करून वर्गणी सुरू केली. तेव्हापासून लहान-मध्यम कार्यालये प्रॉक्समॉक्स आणि केव्हीएम या व्हीएम चालवणाऱ्या दुसऱ्या प्रणालींकडे वळत आहेत, आणि ते स्थलांतर करू शकणारी माणसे हवी आहेत. सरावाला महागडे काही लागत नाही. चार कोअरचा, १६ जीबी रॅमचा, ५०० जीबी एसएसडीचा वापरलेला डेस्कटॉप पुरतो. बायोसमध्ये व्हीटी-एक्स (प्रोसेसरमधली व्हीएम चालवण्याची सोय) किंवा एएमडी असेल तर एसव्हीएम चालू करा. डेबियनवर आधारलेले प्रॉक्समॉक्स टाका, ब्राउझरमध्ये ८००६ पोर्टवर त्याचे पान उघडेल. प्रत्येकी दोन कोअर आणि ४ जीबीच्या तीन व्हीएम करा. उरलेले ४ जीबी होस्टला राहू द्या, तेही वाटून टाकण्याचा मोह टाळा.

याच डेस्कटॉपवर पुढचे धडे आपोआप मिळतात. विंडोज बसवताना 'डिस्क सापडत नाही' असे येते, कारण विंडोजच्या सीडीत व्हर्टआयओचे, म्हणजे व्हीएमच्या आभासी डिस्कचे, ड्रायव्हर नसतात. त्यांची आयएसओ वेगळी जोडावी लागते. एलव्हीएम-थिन या डिस्कची जागा वाटण्याच्या पद्धतीत ५०० जीबीच्या जागेत ८०० जीबीच्या डिस्का वाटता येतात, कारण जागा प्रत्यक्ष लिहिल्यावरच खर्ची पडते. पण पूल १०० टक्के भरला की एकाच वेळी सगळ्या व्हीएम लिहिताना अडखळतात आणि आतल्या फाइल सिस्टीम खराब होऊ शकतात. म्हणून 'एलव्हीएस'मधला डेटाचा आणि मेटाडेटाचा टक्का रोज बघायचा. व्हीएमच्या आत फाइली पुसल्या म्हणून पुलातली जागा सुटत नाही. डिस्कवर 'डिस्कार्ड' चालू ठेवून आत 'एफएसट्रिम' चालवल्यावर सुटते. आणि स्नॅपशॉट हा बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की दोन्ही गेले.

कंटेनर रोज चालवू लागल्यावर चार खड्डे हमखास लागतात, आणि त्यांतला पहिला धोकादायक आहे. यूएफडब्ल्यू फायरवॉलमध्ये ३३०६ पोर्ट बंद आहे म्हणून निर्धास्त राहून कोणी '-पी ३३०६:३३०६' देऊन मायएसक्यूएल चालू करतो, आणि डेटाबेस थेट इंटरनेटवर उघडा पडतो. डॉकर आयपीटेबल्सच्या (लिनक्समधल्या रहदारीच्या नियमांच्या) नॅट तक्त्यात स्वतःचे नियम घालतो, त्यामुळे ती रहदारी फॉरवर्डच्या वाटेने जाते. यूएफडब्ल्यूचा पहारा मुख्यतः इनपुटच्या दारावर असतो. उपाय सोपा आहे: '-पी १२७.०.०.१:३३०६:३३०६' असे लिहा. डेटाबेस फक्त दुसऱ्या कंटेनरला हवा असेल तर पोर्ट मुळीच उघडू नका. दोघांना आपण तयार केलेल्या एकाच डॉकर नेटवर्कवर ठेवले की ते एकमेकांना नावाने हाक मारू शकतात. मग दुसऱ्या मशीनवरून एनमॅप हे उघडी पोर्ट शोधणारे साधन चालवून खात्री करा. त्याच मशीनवरून केलेली तपासणी इथे कामाची नाही.

दुसरा खड्डा पत्त्यांचा. डॉकरचे नेहमीचे जाळे १७२.१७.०.० पासून सुरू होते. कार्यालयाचे नेटवर्कही त्याच पट्ट्यात असेल तर डॉकर बसवल्याक्षणी काही मशीन 'हरवतात'.

तिसरा घड्याळाचा. कंटेनर सहसा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर चालतात. आतल्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीत) रात्री २ ला लावलेला बॅकअप आपल्याकडे सकाळी साडेसातला सुरू होतो आणि शाखा उघडायच्या वेळी डिस्क घुसमटते. 'टीझेड' हे व्हेरिएबल 'एशिया/कोलकाता' करावे. पण अल्पाइन या छोटेखानी लिनक्सच्या इमेजमध्ये (कंटेनरच्या साच्यात) टीझेडडेटा पॅकेज वेगळे बसवावे लागते. ते नसेल तर सेटिंग निमूटपणे दुर्लक्षिले जाते, चूक म्हणून काही येत नाही. कुबरनेटीसच्या क्रॉनजॉबमध्ये 'टाइमझोन'ची सोय १.२७ आवृत्तीत पक्की झाली.

चौथा लॉगचा, आणि तो कायद्यापर्यंत जातो. डॉकर मुळात लॉग जेसन फाइलमध्ये लिहितो आणि तिला कमाल मर्यादा नसते. एखादे बडबडे ॲप काही आठवड्यांत डिस्क भरते. 'डीमन डॉट जेसन' या डॉकरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये कमाल आकार १० एमबी आणि ३ फाइली अशी मर्यादा घालण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. ती मर्यादा नव्याने तयार केलेल्या कंटेनरनाच लागू होते, जुने तसेच सुसाट राहतात, हे सहसा कोणी सांगत नाही. पण अडचण वेगळीच आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांचे लॉग १८० दिवस भारतात जपून ठेवायचे आहेत आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. ३० एमबीत १८० दिवस बसत नाहीत, आणि कंटेनर काढून टाकला की त्याची लॉग फाइलही जाते. म्हणजे आधी लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवण्याची सोय करायची, मग मर्यादा घालायची. त्याच निर्देशांत घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) वेळेशी जुळवून ठेवायला सांगितले आहे. घटनेचा तपास करताना फायरवॉलचा लॉग भारतीय वेळेत आणि ॲपचा यूटीसीत असला की त्या ६ तासांतला निम्मा वेळ साडेपाच तासांची वजाबाकी करण्यात जातो.

एवढे झाल्यावर कुबरनेटीस. वर केलेल्या तीन व्हीएमवरच क्यूबॲडम या कुबरनेटीस बसवणाऱ्या साधनाने ते उभे करा. कंट्रोल प्लेनला, म्हणजे सगळ्यांना हुकूम देणाऱ्या मशीनला, किमान २ सीपीयू आणि २ जीबी रॅम लागते, आणि स्वॅप बंद ठेवा. आवृत्ती १.२४ पासून, म्हणजे २०२२ पासून, डॉकरला थेट जोडणारा दुवा काढून टाकला आहे. त्यामुळे नोडवर (क्लस्टरमधल्या मशीनवर) 'डॉकर पीएस' मारून यादी रिकामी दिसली तर घाबरू नये, 'क्रिक्टल' वापरावे. क्यूबॲडमने केलेली प्रमाणपत्रे एका वर्षात संपतात. आवृत्ती वाढवताना ती आपोआप नवी होतात, पण 'चाललेय ना, हात लावू नका' म्हणत वर्षभर न छेडलेला क्लस्टर पहिल्या वाढदिवशीच बोलणे बंद करतो. तारीख 'क्यूबॲडम सर्ट्स चेक-एक्स्पिरेशन'ने कळते.

क्लाऊडचे खाते शेवटी उघडा. ॲमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ पासून आहे आणि मायक्रोसॉफ्टचे पुण्याला २०१५ पासून, तेव्हा 'परदेशी सर्व्हर दूर पडतो' ही सबब उरलेली नाही. मूळ खात्याला दुहेरी पडताळणी लावा आणि बजेटचा इशारा ठेवा. पण तो नुसता इशारा असतो, खर्च थांबवत नाही. व्हीएम बंद केली तरी तिच्या डिस्कचे भाडे चालू राहते. नॅट गेटवे (आतल्या मशीनना इंटरनेटवर नेणारे दार) रिकामा पडला तरी तासावर पैसे खातो. ॲमेझॉन फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला ताशी ०.००५ डॉलर लावते, म्हणजे महिन्याला सुमारे साडेतीन डॉलर. विसरलेले दहा पत्ते हा विद्यार्थ्याच्या खिशाला मोठा भुर्दंड आहे. म्हणून जे बांधाल ते टेराफॉर्मने किंवा ओपनटोफू या त्याच्या मुक्त भावंडाने बांधा, म्हणजे संध्याकाळी एका 'डिस्ट्रॉय'मध्ये सगळे आवरते. त्याच्या स्टेट फाइलमध्ये (काय बांधले त्याच्या नोंदीत) पासवर्ड उघडे असू शकतात, ती गिटमध्ये, म्हणजे कोडच्या साठ्यात, टाकू नका.

पालकांनी फी भरण्यापूर्वी वर्गाला एवढेच विचारावे: प्रत्येक विद्यार्थ्याला रूट अधिकारांचे मशीन मिळते का, आणि परीक्षेत बिघडलेला सर्व्हर दुरुस्त करायला देता का? तंत्रनिकेतनांनाही आमची विनंती आहे की प्रात्यक्षिकाच्या वहीत कमांडींची यादी उतरवून घेण्याऐवजी एखादा बिघाड द्यावा. उदाहरणार्थ, 'डीएफ' (डिस्कची एकूण जागा दाखवणारी कमांड) सांगतो डिस्क १०० टक्के भरली आणि 'डीयू'ची (फाइलींचा आकार मोजणाऱ्या कमांडची) बेरीज ४० टक्क्यांवर थांबते. मधली जागा गेली कुठे? फाइल पुसली गेली आहे पण एखाद्या प्रोसेसने ती उघडी धरून ठेवली आहे, हे 'एलएसओएफ +एल१' दाखवते. ती प्रोसेस नव्याने सुरू केली की जागा परत मिळते. हे ज्याला अर्ध्या तासात सापडेल त्याला कामावर घ्यायला आम्ही तयार आहोत, त्याच्या प्रमाणपत्रावर कुबरनेटीस लिहिलेले असो वा नसो.

आपले,
सर्व्हर सांभाळणारे काही वाचक, पुणे