मंडईच्या रात्री आणि बिरसीचे आकाश : गोंदियाच्या जिल्हाधिकाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, गोंदिया

विषय : बिरसी विमानतळाभोवतीच्या गावांत आकाशात सोडल्या जाणाऱ्या लेझर प्रकाशास प्रतिबंध करण्याबाबत

महोदय,

मी गोंदिया तालुक्यातील एका खेड्यात राहणारा निवृत्त विज्ञान शिक्षक आहे. भाऊबीजेनंतर आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानपट्ट्यात, गावोगाव मंडई म्हणजे रात्री नाटक रंगणारी जत्रा भरते, हे आपण जाणताच. गेल्या मंडईच्या रात्री नाटकाचा पडदा उघडण्यापूर्वी डीजेच्या गाडीवरून हिरव्या लेझरचे पट्टे धानाच्या बांध्यांवरून थेट आभाळात फिरत होते आणि त्याच वेळी बिरसीच्या धावपट्टीभोवती एक छोटे प्रशिक्षण विमान घिरट्या घालीत होते. मंडपामागे चार पोरांचा खेळ चालला होता तो याहून वाईट. मंडईतल्याच दुकानातून घेतलेला हातातला लेझर ते विमानाच्या लुकलुकणाऱ्या दिव्यावर धरीत होते आणि कोणाचा नेम लागतो यावर पैज लावीत होते. त्यांतला एक माझा जुना विद्यार्थी. मी रागावलो तेव्हा तो निरागसपणे म्हणाला, "थे येवढ्या वरतं कायले पोचन जी गुरुजी?"

लेझर मी काढून घेतला, पण त्याच्या प्रश्नाला उत्तर देणे हे माझे काम होते. दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर त्या चौघांना धुऱ्यावर नेले आणि सुमारे एक किलोमीटरवर असलेल्या पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर तोच लेझर धरायला लावला. हातात असताना मुगाच्या दाण्याएवढा दिसणारा ठिपका तिथे बैलगाडीच्या चाकाएवढा झाला होता. लेझरचा किरण सरळ जातो, पण अंतराबरोबर पसरत जातो. त्यामुळे दूरच्या विमानावर नेम धरणे अवघड राहत नाही, उलट सोपे होते. विमानाच्या पुढच्या काचेवर तो पडला की काचेवरील धूळ, ओरखडे आणि काचेची जाडी यांमुळे प्रकाश विखुरतो आणि समोरची अख्खी काच हिरवी होऊन जाते. खाली उभ्या असलेल्या पोराला मात्र यातले काहीच दिसत नाही.

लेझर पॉइंटरमध्ये सर्वसाधारणपणे मान्य असलेली मर्यादा 5 मिलीवॉट आहे. एवढ्या शक्तीच्या हिरव्या लेझरने डोळ्याला प्रत्यक्ष इजा होण्याचा धोका सुमारे 16 मीटरपर्यंत असतो. डोळे दिपून काही क्षण काहीच न दिसणे हे सुमारे 80 मीटरपर्यंत घडू शकते, समोरचे दिसेनासे करणारी चकाकी साडेतीनशे मीटरच्या थोडी पुढेपर्यंत जाणवते आणि लक्ष विचलित करण्याची ताकद मात्र साडेतीन किलोमीटरच्या पलीकडे टिकते. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त लेझरवर छापलेला आकडा खरा असेलच असे नाही आणि डीजेच्या गाडीवरील यंत्रे तर याच्या कित्येक पट शक्तीची असतात. त्यात 532 नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा रंग म्हणजे मानवी डोळा ज्या रंगाला सर्वाधिक संवेदनशील आहे त्याच्या अगदी जवळचा. अंधाराला सरावलेला डोळा एकदा दिपला की पुन्हा पूर्ण सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. विमान उतरण्याच्या शेवटच्या टप्प्याला तेवढे सेकंदही नसतात.

2016 च्या फेब्रुवारीत लंडनहून न्यूयॉर्कला निघालेले एक मोठे प्रवासी विमान लेझरचा झोत पडल्यावर वैमानिकाला त्रास होऊ लागल्याने परत वळवावे लागले होते. तेथे निदान शेजारी दुसरा वैमानिक होता. बिरसीत इंडिगोची हैदराबादची प्रवासी सेवा 1 डिसेंबर 2023 पासून सुरू झाली, तिच्याइतकीच काळजी मला इथल्या वैमानिक प्रशिक्षणार्थींची वाटते. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी रात्रीच्या उड्डाणाचे किमान 5 तास आणि मुख्य वैमानिक म्हणून रात्रीची 10 उड्डाणे व 10 अवतरणे पूर्ण करावी लागतात. म्हणजे विशीतला एखादा मुलगा किंवा मुलगी, कधी एकट्यानेच, साधारण 1,000 फुटांवरून आमच्या गावांवर फेरी मारीत असते आणि खाली आमच्या बांध्यांत काळोखाशिवाय काही नसते. त्या काळोखात दिशा, उंची आणि वेग यांचे भान ठेवण्यासाठी डोळे आणि समोरच्या यंत्रांचे काटे एवढेच त्यांच्याजवळ असते. त्यांच्याच वयाची आमची पोरे खाली पैज लावतात.

कायदा नाही अशी सबब येथे देता येणार नाही. विमान नियम, 1937 मधील नियम 66 हा फसव्या, म्हणजे वैमानिकाची दिशाभूल करू शकणाऱ्या, दिव्यांविषयी आहे. 2023 च्या दुरुस्तीने त्यात लेझर प्रकाश स्पष्टपणे आणला गेला आणि विमानतळाभोवतीची कक्षा 5 किलोमीटरवरून 5 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे सव्वानऊ किलोमीटरपर्यंत वाढवली गेली. याच दुरुस्तीत दिवा 24 तासांत न विझवल्यास पुढील कारवाईची तरतूद आहे. ती एका जागी खांबावर लावलेल्या दिव्याला लागू पडते. डीजेची गाडी चार तासांत दुसऱ्या गावच्या मंडईला निघून जाते आणि हातातला लेझर खिशात जातो. जागा बदलणाऱ्या प्रकाशाची खबर स्थानिक पोलीस ठाण्याला द्यावी असेही त्यात आहे, पण विमानतळावरून ती खबर निघून आमच्या पोलीस पाटलापर्यंत पोहोचेतो नाटकाचा दुसरा अंक सुरू झालेला असेल.

म्हणून ही विनंती आपल्याकडे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली प्रतिबंधात्मक आदेश काढण्याचा अधिकार आपल्या हाती आहे. पुणे शहरात पोलिसांनी गणेशोत्सवात लेझरवर असे आदेश काढलेले आहेत. ते मोठ्या शहराचे काम झाले. आमच्याकडे सव्वानऊ किलोमीटरच्या वर्तुळात आपले गाव येते की नाही हेच सरपंचांना ठाऊक नाही. आदेशात नुसते अंतर न लिहिता कामठा, परसवाडा, खातिया अशी वर्तुळातील गावांची नावे घालावीत आणि दिवाळीपूर्वी कोतवालामार्फत मुनादी (दवंडी) व्हावी. मंडई, वरात आणि मिरवणुकीची परवानगी देताना लेझर लावणार नाही असे डीजेवाल्याकडून लिहून घ्यावे. त्याने ऐकले नाही तर यंत्र जागेवरच जप्त व्हावे, कारण दंडाची रक्कम तो सुपारीत मिळवूनच सांगतो. विमानतळाच्या नियंत्रण कक्षातून ठाणेदाराच्या आणि त्या त्या बिटाच्या पोलीस पाटलाच्या फोनवर थेट निरोप यावा अशी सोयही करावी लागेल.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. धान राखायला जागलीवर जाणारा शेतकरी रानडुकरे हाकलण्यासाठी बॅटरी वापरतो. त्याच्या साध्या बॅटरीवर या आदेशाची कुऱ्हाड पडू नये. अंमलबजावणीला निघालेला शिपाई डीजेवाल्याला सोडून नेमका त्यालाच धरील, ही भीती मी अनुभवाने बोलतो आहे.

काढून घेतलेला तो लेझर माझ्या कपाटात आहे. त्यावर कंपनीचे नाव नाही, शक्तीचा आकडा नाही, फक्त डोळ्यात न धरण्याची सूचना बारीक अक्षरात आहे. त्याची शक्ती मोजून घ्यायची असल्यास मी तो आपल्या कार्यालयात आणून देईन. ज्याच्याकडून घेतला तो विद्यार्थीही सोबत यायला तयार आहे.

आपला नम्र,
गोंदिया तालुक्यातील एक निवृत्त विज्ञान शिक्षक