तीन वचनांचे स्तोत्र, एका वचनाचा उपदेश

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी १८ ते २५ जानेवारी या आठवड्यात अनेक ख्रिस्ती मंडळ्या ऐक्यासाठी प्रार्थना करतात. मुंबईतही या निमित्ताने निरनिराळ्या पंथांचे लोक एकमेकांच्या चर्चमध्ये उपासनेला जातात आणि कुठे ना कुठे बायबलमधले १३३वे स्तोत्र वाचले जातेच. भावांनी एकोप्याने एकत्र राहणे किती चांगले, किती मनोरम, या अर्थाचे त्याचे पहिले वचन बहुतेकांना तोंडपाठ असते. पुढची दोन वचने मात्र वाचनापुरती वाचली जातात आणि उपदेश पहिल्यापाशीच थांबतो. भायखळ्यात शेजारच्या घरांतून चालणाऱ्या एका शास्त्राभ्यास गटात गेली काही वर्षे वाचनाची बाजू मी सांभाळते. त्या अनुभवावरून हे पत्र लिहीत आहे.

निमित्त एका मंडळीतले आहे. तिचे नाव घेण्याचे कारण नाही. तिथल्या वार्षिक सभेत दोन-तीन सभासदांनी सभागृहाच्या भाड्याचा हिशेब मागितला. पुढच्याच रविवारी उपदेश झाला तो १३३व्या स्तोत्रावर. कोणाचे नाव घेतले गेले नाही, पण बोलणे कोणाला उद्देशून आहे हे मागच्या बाकावरच्या मुलांनाही कळत होते. ऐक्य राखा, म्हणजे विचारू नका, असा त्या अर्ध्या तासाचा मथितार्थ होता. हिशेब अजून मांडला गेलेला नाही. माझी तक्रार मात्र हिशेबाबद्दल नाही, ती ज्यांची त्यांनी करावी. माझी तक्रार स्तोत्राच्या त्या वापराबद्दल आहे, कारण उरलेली दोन वचने वाचली असती तर तो उपदेश उभाच राहिला नसता.

भावांचे एकत्र राहणे हे मूळ हिब्रूत केवळ भावनेचे शब्द नाहीत. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात भाऊ एकत्र राहत असता त्यांतला एक निपुत्रिक वारला तर काय करावे याचा नियम आहे, तिथे जवळजवळ हेच शब्द येतात आणि त्यांचा संबंध वाटणी न झालेल्या कुटुंबाशी, वडिलोपार्जित जमिनीशी आणि मयत भावाच्या विधवेशी आहे. उलट ‘उत्पत्ति’च्या १३व्या अध्यायात अब्राम आणि लोट यांची गुरेढोरे इतकी वाढतात की तो प्रदेश दोघांना पुरेना, गुराख्यांत भांडणे लागतात, आणि वयाने व मानाने मोठा असलेला अब्राम पुतण्याला म्हणतो की तू आधी निवड, तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जाईन. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन भावांचे संसार चालताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यावर वेगळे भाष्य नको. एकत्र राहायला जागा लागते, तिचे नियम लागतात, आणि वेगळे व्हायची वेळ आली तर थोरल्याने आधी हात मागे घ्यावा लागतो. (आमच्या गटातल्या एका काकूंनी या ठिकाणी फक्त ‘पुनर्विकास’ एवढाच शब्द उच्चारला आणि पाच मिनिटे कोणी पुढे वाचू शकले नाही.)

दुसऱ्या वचनात तेल आहे. इस्राएलचा पहिला महायाजक अहरोन याच्या मस्तकावर ओतलेले अभिषेकाचे तेल दाढीवरून ओघळत वस्त्राच्या काठापर्यंत येते. हे तेल म्हणजे जैतुनाच्या तेलात गंधरस, दालचिनी अशी सुगंधी द्रव्ये ठरलेल्या वजनाने मिसळून केलेले. त्याची कृती ‘निर्गम’च्या ३०व्या अध्यायात आहे आणि ते कोणी खासगी वापरासाठी बनवू नये अशी सक्त ताकीदही तिथेच आहे. याजकाच्या छातीवर ऊरपट असे, त्यात १२ रत्ने आणि प्रत्येक रत्नावर इस्राएलच्या एकेका वंशाचे नाव. दाढीवरून उतरणारे तेल त्या नावांकडेच जाते. कवी हे शब्दांत सांगत नाही, पण ज्याने तो पोशाख पाहिला होता त्याच्या डोळ्यांपुढे हे आल्यावाचून राहिले नसेल.

या तेलाशी कोकणाचे एक जुने नाते आहे, ते आमच्या उपदेशांत कधी येत नाही याचे मला नवल वाटते. मराठी बोलणारे बेने इस्राएल हे ज्यू लोक रायगडच्या किनारी गावांतून तेलाच्या घाण्यावर पोट भरत आणि शब्बाथ हा विश्रांतीचा दिवस पाळून शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांतलेच लोक पुढे मुंबईत आले आणि १७९६ मध्ये मांडवी भागात त्यांचे पहिले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, उभे राहिले. १३३वे स्तोत्र आधी त्यांचे आहे, आपल्याकडे ते नंतर आले. ज्यांना घाण्याचे तेल ठाऊक होते त्यांना ते कोणत्या दिशेने वाहते हे वेगळे शिकवावे लागले नसते.

हीच दिशा स्तोत्राचा कणा आहे. १२०व्यापासून १३४व्यापर्यंतची १५ स्तोत्रे ‘वर चढण्याच्या वेळची’ म्हणून ओळखली जातात. यात्रेकरू यरुशलेमेची चढण चढताना ती गात असावेत असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे गाणारा वर चढतो आहे, आणि या इवल्याशा स्तोत्रात ‘खाली उतरणे’ हे हिब्रू क्रियापद तीनदा येते: तेल दाढीवर उतरते, तेच पुढे वस्त्रावर उतरते, दव डोंगरांवर उतरते. ऐक्य खालच्यांनी गोळा करून वर नेऊन द्यायचे, असे इथे कुठेही नाही.

तिसरे वचन तर भूगोलालाच वळसा घालते: हर्मोनाचे दव सीयोनेच्या डोंगरांवर उतरते, असे ते म्हणते. हर्मोन पर्वत २,८१४ मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईहून हजारावर मीटर अधिक, आणि देशाच्या अगदी उत्तर टोकाला. सीयोन, म्हणजे यरुशलेमेची टेकडी, तिथून पावणेदोनशे किलोमीटरहून जास्त दक्षिणेला. हर्मोनाचे दव सीयोनेवर पडणे शक्य नाही, आणि कवीला हे ठाऊक नसेल असे मानणे कठीण. त्या देशात उन्हाळाभर पाऊस नसतो आणि पिकाला रात्रीच्या दवाचाच आधार असतो. भातकापणीनंतर दवावर वाल पोसणाऱ्या रायगडच्या शेतकऱ्याला ही गोष्ट शहरातल्या उपदेशकापेक्षा लवकर कळेल. उत्तरेचे दव दक्षिणेच्या डोंगरावर, असे म्हणताना ऐकणाऱ्याला उत्तर आणि दक्षिण असे दुभंगलेले इस्राएलचे राज्य आठवावे अशी ती रचना आहे, असे मला वाटते. हे स्तोत्र नेमके केव्हा रचले गेले याविषयी अभ्यासकांत एकमत नाही, त्यामुळे मी हे ठामपणे मांडत नाही. राज्य का दुभंगले ते मात्र ‘पहिले राजे’च्या १२व्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे. शलमोन राजानंतर लोकांनी त्याचा मुलगा रहबाम याच्याकडे जाऊन विनंती केली की तुझ्या बापाने लादलेले जू हलके कर. त्याने वडीलधाऱ्यांचा सल्ला बाजूला सारला आणि ते आणखी जड करीन असे उत्तर दिले. तक्रार करणाऱ्यांनी राज्य फोडले नाही. ते आधी विचारायलाच आले होते.

पाळकांना माझी विनंती एवढीच आहे की या स्तोत्रावर बोलायचे तर तिन्ही वचने घ्यावीत, आणि शक्य असेल तिथे एकाहून अधिक मराठी भाषांतरे शेजारी ठेवून आधी गटात वाचावीत. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल साध्या मराठीत आणले, ते सामान्य बायकांना स्वतः वाचून समजावे म्हणून. उपदेशकाने अर्थ सांगून मोकळे व्हावे यासाठी तो खटाटोप नव्हता. आमच्या गटात आम्ही या एका स्तोत्रावर चार आठवडे घेतले आणि हर्मोनाचा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो नववीतल्या एका मुलीने, घरच्या नकाशात दोन्ही ठिकाणे शोधून.

पुढचे १३४वे स्तोत्रही तीनच वचनांचे आहे. रात्री परमेश्वराच्या मंदिरात उभे राहणाऱ्या सेवकांना ते उद्देशून आहे, म्हणून ते वाचायला आम्ही गटातल्या रात्रपाळी करणाऱ्या एका परिचारिकेला सांगितले आहे. तिला सुट्टी मिळेल त्या रविवारी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, भायखळा, मुंबई