खाऊ घालायची जागा तरी दाखवा

महोदय,

दिल्लीच्या भोगलमध्ये आमच्या घराखालच्या नानच्या भट्टीवर काबूलहून आलेला विशीतला एक निर्वासित पोरगा राबतो. कानाचं टोक छाटलेली, म्हणजे नसबंदी झालेली, तांबडी कुत्री सतत त्याच्या पायात घुटमळते. करपलेले नान तिचे. ती हात चाटते, तो नमाजाआधी ते नीट धुतो, झालं. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ ला रस्त्यावर कुत्र्यांना खाऊ घालण्यास मनाई केली, पण प्रभागागणिक त्यासाठी जागा ठरवायलाही सांगितलं. आमच्याकडची जागा कुणालाच ठाऊक नाही. शेजारी मात्र त्यालाच 'तुझ्या देशात जा' म्हणून दरडावतात. (त्यांच्या घरात दोन लॅब्राडॉर!) कागदपत्रांच्या धास्तीने तो गप्प बसतो. संबंधितांनी आधी जागा ठरवून तिथे फलक लावावा.

– एक वाचक, नवी दिल्ली