आप्पा, वाद घालणं सोडू नका

पुणे, रविवार

तीर्थरूप आप्पा व आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

रोज फोन होत असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण आप्पांच्या फेसबुकवरच्या वादांचा विषय फोनवर निघाला की आईचा आवाज चढतो, आप्पा गप्प होतात आणि दादा मधेच "फेसबुकच काढून टाकतो तुमच्या मोबाईलमधून" म्हणून तोंड बंद करतो. तसं करून हा विषय मिटणार नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे. दोघं सोबत बसून वाचा.

आप्पा, तुम्ही अनोळखी लोकांशी वाद घालता याचं मला वाईट वाटत नाही. उलट तुम्ही तो घालावा असंच मला वाटतं. मात्र कसा, यावर माझं म्हणणं आहे. सुट्टीत बसून तुमचे मागचे बरेच वाद मी शेवटपर्यंत वाचून काढले. त्यातले काही वाचताना ऊर भरून आला आणि काही वाचताना हे आपल्या आप्पांनीच लिहिलंय का, असा प्रश्न पडला.

ऊर भरून आला तो बीटी कपाशीच्या, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार होतं त्या कपाशीच्या वादात. कोणीतरी लिहिलं होतं की शेतकऱ्यांच्या अडाणीपणामुळे बीटी फेल गेली, बियाण्यासोबत दिलेलं नॉन-बीटीचं पाकीट हे लोक बांधावर फेकून देतात. खाली सगळे त्याच्यावर तुटून पडले होते. तुम्ही तेवढे शांतपणे बोललात. ४५० ग्रॅमच्या थैलीसोबत १२० ग्रॅमचं ते पाकीट यायचं, ते बहुतेकांनी लावलं नाही हे खरंच आहे, असं तुम्ही आधी मान्य केलंत. मग कारणं सांगितलीत. तीन-चार एकरवाल्याला त्या नॉन-बीटीच्या ओळी म्हणजे अळीला सोडून दिलेलं रान वाटायचं, विषाला न सरावलेल्या अळ्या टिकाव्यात म्हणून त्या लावायच्या हे दुकानदाराने कधी सांगितलं नाही, आणि कित्येकदा ते बियाणं धड उगवायचंही नाही. पुढे जे लिहिलंत ते तर माझ्या इथल्या मित्रांनाही ठाऊक नव्हतं. आपल्याकडे बीटी आली ती संकरित वाणांत. त्यामुळे झाडावरच्या एकाच बोंडातल्या काही सरक्यांत विष असतं, काहींत नसतं, आणि अळीला ते सोसायची सवय लागायला आयतं रान मिळतं. त्यात बागायतीत मे महिन्यातच लागवड आणि पुढे फरदड (वेचणीनंतरही न उपटता राखलेली कपाशी) फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी, म्हणजे गुलाबी बोंडअळीला जवळपास वर्षभर ताट वाढलेलं. २००२ साली पहिली बीटी आली, २००६ ला दोन जनुकांची आली, २०१० मध्ये गुजरातेत अळी पहिल्या जनुकाला दाद देत नाही हे बियाणं कंपनीलाच कबूल करावं लागलं, आणि २०१७ ला आपल्या शेतात डोमकळ्याच डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमललेली फुलं, दिसल्या. हे सगळं तुम्ही मोबाईलवर एका बोटाने टाइप केलंत. त्या माणसाने शेवटी लिहिलं, "काका, हे मला माहीत नव्हतं."

असं उत्तर तुम्हाला कुठल्या फॉरवर्डमध्ये मिळालं असतं?

आता दुसरा वाद. नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल लागल्यापासून ईव्हीएमवरची भांडणं काही थांबलेली नाहीत. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने गावापुरतं मतपत्रिकेवर मतदान घेऊन बघायचं ठरवलं आणि प्रशासनाने ते होऊ दिलं नाही, तेव्हा तर तुमच्या ग्रुपात मध्यरात्र उलटून गेली तरी चालूच होतं. तिथेही तुमची सुरुवात फार छान होती. २०१९ च्या लोकसभेला सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावर तुम्ही केंद्राध्यक्ष होतात, तो दिवस तुम्ही लिहिला. पहाटे उमेदवारांच्या एजंटांसमोर मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, त्यात किमान पन्नास मतं, मग बेरीज जुळवून क्लिअर दाबायचं, व्हीव्हीपॅटमधल्या (मत कोणाला गेलं ती चिठ्ठी छापणाऱ्या यंत्रातल्या) चिठ्ठ्या काढून, शिक्का मारून काळ्या पाकिटात सील करायच्या. व्हीव्हीपॅटवर थेट उजेड पडू देऊ नका अशी सूचना, आणि शाळेच्या खोलीला दार-खिडकी समोरासमोर, म्हणून तुम्ही टेबल सरकवत सरकवत कोपऱ्यात नेलं. संध्याकाळी क्लोज दाबल्यावर एकूण मतांचा आकडा मतांच्या हिशेबाच्या १७-सी नमुन्यावर लिहून त्याची प्रत प्रत्येक एजंटाच्या हातात दिलीत आणि मोजणीच्या दिवशी आकडा ताडून बघा म्हणून बजावलंत. वाचताना मला तुमचा वर्गातला आवाज ऐकू येत होता.

त्यावर एका मुलाने विचारलं: "सर, केंद्रावर तुम्ही जे पाहिलं ते मान्य. पण व्हीव्हीपॅटमध्ये उमेदवारांची चिन्हं भरतात तेव्हा तुम्ही तिथे होतात का?"

आप्पा, त्या मुलाचा प्रश्न अतिशय चांगला होता. पूर्ण चर्चेतला सर्वांत चांगला प्रश्न तोच. आणि तुम्ही त्याला काय उत्तर दिलंत? "तू किती इलेक्शन ड्युट्या केल्यास?" त्याने तुम्हाला अंधभक्त म्हटलं, तुम्ही त्याला फुरोगामी म्हणालात, मग कोणाच्या पैशांवर कोण बोलतंय ते निघालं, आणि शेवटी तुम्ही कुठून तरी आलेला एक व्हिडिओ तिथे डकवून निघून आलात. त्या व्हिडिओत ना तारीख, ना ठिकाण. ज्या माणसाने उभ्या नोकरीत वर्गातल्या एकाही पोराला गाढव म्हटलं नाही, त्याने हे लिहावं याचं मला फार वाईट वाटलं.

त्या मुलाला "नव्हतो" एवढंच लिहायचं होतं. चिन्हं मतदानाच्या काही दिवस आधी भरतात, उमेदवारांच्या प्रतिनिधींना तिथे बोलावतात, केंद्राध्यक्षाच्या हातात मशीन येतं ते त्यानंतर. म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोरचा दिवस चोख होता, आणि त्याची शंका त्याच्या आधीच्या दिवसाबद्दल होती. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. सर्वोच्च न्यायालयानेही २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली, पण चिन्हं भरायची युनिटं सील करून निकालानंतर ४५ दिवस जपून ठेवायला सांगितली. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने सात दिवसांत लेखी मागितलं तर मतदारसंघातली पाच टक्के मशिनं तपासायची मुभाही दिली. शंका निव्वळ वेडगळ असती तर न्यायालय एवढ्या खोलात शिरलं नसतं.

माझं मत विचाराल तर मशीन लांबून रेडिओवर हॅक होतं या गोष्टी मला पटत नाहीत, कारण ते कुठल्या नेटवर्कला जोडलेलंच नसतं. मतपत्रिकेचा काळ फार सोन्याचा होता हेही पटत नाही. दोन चिन्हांच्या मधोमध बसलेले शिक्के आणि त्यावरून मोजणीच्या टेबलावर होणारी हमरीतुमरी तुमच्याच तोंडून ऐकली आहे. पण माझं कामच सॉफ्टवेअर तपासण्याचं आहे. बनवणारा "बरोबर चालतंय" म्हणाला म्हणून आम्ही पुढे जाऊ देत नाही, तपासता येईल असं दाखव म्हणतो. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने २००९ मध्ये नेमकं हेच म्हटलं. तिथे मशीनमध्ये गडबड झाल्याचा पुरावा नव्हता. तरीही मतदान आणि मोजणीचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला, खास तांत्रिक ज्ञान नसताना, स्वतः पडताळता आले पाहिजेत, असं सांगून त्यांनी तेव्हाची मशिनं घटनेत बसत नाहीत असा निकाल दिला. आणि आपल्याकडेही हा वाद कालचा नाही. केरळात परवूरच्या विधानसभा निवडणुकीत १९८२ ला पहिल्यांदा मशीन वापरलं, तेव्हा कायद्यात त्याची तरतूदच नव्हती, म्हणून १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मशीन वापरलेल्या केंद्रांवर फेरमतदान घ्यायला लावलं. पुढे कायदा बदलला, व्हीव्हीपॅट आलं, मग एका विधानसभा क्षेत्रामागे पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजायचं ठरलं. यातली प्रत्येक सुधारणा कोणीतरी चिकाटीने प्रश्न विचारले म्हणून झाली. तो मुलगा त्याच रांगेतला आहे. त्याला शत्रू समजू नका.

आणखी एक गोष्ट समजून घ्या. हे अॅप भांडणावर चालतं. फेसबुकने २०१७ पासून काही काळ रागाच्या चेहऱ्याला साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं. कंपनीची आतली कागदपत्रं २०२१ मध्ये बाहेर आली तेव्हा हे जगाला कळलं. ते वजन नंतर त्यांनी काढलं, तरी ज्या पोस्टखाली उत्तराला उत्तर लागतं ती वर राहते हे आजही तसंच आहे. तुमची कपाशीवरची टीप मोजक्या लोकांनी वाचली आणि ते फुरोगामीचं भांडण शेकडो लोकांपर्यंत गेलं, ते यामुळे. माणसं वाईट झाली म्हणून नव्हे.

मग सोडून का देऊ नये, असं आई विचारेल. आई, तुझं माहेर पिंपळनेरचं, म्हणून याचं उत्तर तुलाच देते. १ जुलै २०१८ चं, आपल्या धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा तू विसरली नसशील. रविवार, बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षुकीला आलेले डवरी गोसावी समाजाचे पाच जण, आणि मुलं पळवणारी टोळी म्हणून जमावाने त्यांना ठेचून मारलं. त्या महिन्यांत देशभर जो व्हिडिओ फिरत होता तो मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जाहिरात होती. शेवटी मूल परत आणून सोडतात, तेवढा भाग कोणीतरी कापला होता. पुढे त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पाच घरं उद्ध्वस्त झाल्यावर. मामा तेव्हा सांगत होता, गावोगावच्या ग्रुपात तेच ते येत होतं आणि लोक भीतीने पुढे ढकलत होते. अशा वेळी प्रत्येक ग्रुपात एक तरी माणूस असा हवा होता, ज्याचा गावात मान आहे, आणि जो ठणकावून विचारेल की हा व्हिडिओ कुठला, कधीचा, आपल्या तालुक्यात मूल हरवल्याची पोलिसांत एक तरी नोंद आहे का.

आप्पा, तुम्ही तो माणूस आहात. पंचक्रोशीतली निम्मी पोरं तुमच्या हाताखालून गेली आहेत, आज तीच त्या ग्रुपांत आहेत. तुम्ही उठून गेलात तर तिथे उरेल कोण? पण तारीख नसलेला व्हिडिओ तुम्हीच टाकलात, तर उद्या दुसऱ्याला कुठल्या तोंडाने विचाराल? आता तर कोणाचाही आवाज, कोणाचाही चेहरा मशीनवर तयार करता येतो. तो इतका हुबेहूब असतो की मीही नुसता ऐकून सांगू शकत नाही. त्यामुळे कुठून आलं ते कळेपर्यंत पुढे पाठवायचं नाही, मग ते आपल्या बाजूचं का असेना. आपल्या बाजूचं असेल तर जास्तच जपून.

शिव्या देणाऱ्याला उत्तर देऊ नका, तुमच्या वयाला ते शोभत नाही आणि त्याचा उपयोगही नाही. ज्याला चेहरा नाही, नाव नाही, जो दहा ठिकाणी तेच वाक्य चिकटवतो, त्याच्यासाठी एक बोटही झिजवू नका. जो प्रश्न विचारतो त्याच्याशी मात्र हवं तेवढं बोला. जे तुम्ही हाताने केलंय, शेत, शाळा, केंद्र, त्यावर तर बोलाच. बाकीच्यावर विचारा.

आई, तुझी तक्रारही खरी आहे. "इतली रात व्हई गयी, आते तरी तो फोन ठेवा," हे मला इथे फोनमधून ऐकू येतं. रात्री भांडून झोपलं की यांचं बीपी सकाळी वर असतं, हे डॉक्टरांनीही सांगितलंय. तेव्हा आप्पा, रात्रीच्या जेवणानंतर एकही उत्तर लिहायचं नाही. सकाळी चहा झाल्यावर ओट्यावर बसून लिहा, चष्मा लावून. प्रश्न विचारणारा दिवसभर थांबतो, पळून जात नाही. आणि आई, तूही त्यांच्या हातात फोन दिसला की लगेच ओरडू नकोस, काय लिहिताय ते वाचून दाखवा म्हण. कपाशी वेचायला मजूर लावण्यापासून सगळं तू बघितलंय. त्यांचं कुठे चुकतं ते तुला माझ्यापेक्षा आधी कळेल.

त्या मुलाचा प्रश्न अजून तिथेच आहे. त्याला उत्तर लिहा. वरच्या न्यायालयाच्या निकालाची प्रत मी दादाला पाठवली आहे, तो छापून आणेल. निवडणूक ड्युटीची तुम्ही जपून ठेवलेली केंद्राध्यक्षांची पुस्तिका लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात असेल, तीही काढून ठेवा. त्यातलं एकेक पान समोर ठेवून, मतपेटीच्या दिवसांपासून २०१९ पर्यंतच्या तुमच्या ड्युट्या लिहून काढायच्या आहेत. मी आखाजीला (अक्षय तृतीयेला) चार दिवस येते आहे, टाइप मी करीन. बीपीच्या गोळ्या इथून घेऊन येते, तिकडे आणू नका.

तुमची,
वैशू