एकटं बसलं की चौकशी सुरू!

संपादक महाशय,

आपल्याकडे गोव्यात कॅफेत कोण एकटीच भाजी-पाव खात बसली की ओळखीचं कोणतरी येऊन विचारणारच, काय गो, एकटीच? घरी सगळं बरं ना? म्हणजे भांडण नायतर आजारपण, तिसरं कारण लोकांना सुचतच नाही. एकाकीपणा हा खराच प्रश्न आहे, ब्रिटनने २०१८मध्ये त्यासाठी मंत्री नेमला, २०२३मध्ये डब्ल्यूएचओने आयोग काढला, ते सगळं मान्य, पण स्वतःच्या मर्जीने तासभर एकटं राहणं हा काय रोग नाही हो.

रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर जा, सलीम अली अभयारण्यात खारफुटीच्या कडेने गप चाला. पहिली दहा मिनिटं हात सारखा मोबाईलकडे जातो, मग सुटतो, मग चिखलातले खेकडे दिसायला लागतात आणि खंड्या कुठे बसलाय तेही कळतं. तेवढ्यात एखादा ग्रूप ब्लूटूथ स्पीकर घेऊन येतो (हे हमखास!) आणि संपलं.

मुलांना तर शाळा, ट्युशन, क्लास, एकटं सोडतोच कुठे आपण? पंचायतींनी सेल्फी पॉइंट पुरे करून नदीकाठी साधी बाकडी टाकावीत आणि स्पीकरवाल्यांना जरा हटकावं.

- एक वाचक, रायबंदर