रविवारचा रद्दीवाला कॅन्सल कर

प्रिय मन्या,

परवा फोनवर म्हणालास ना की आजोबांचं कपाट रिकामं करतोय, रविवारी रद्दीवाला येतोय, तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहायलाच बसलो. प्लीज त्याला नको सांग.

मागच्या वर्षी काकांची पुस्तकं मीच आवरली, आठवडाभर धुळीत बसून. पानापानात कडुलिंबाचा वाळका पाला, कसर लागू नये म्हणून काकूने घातलेला, हात लावला की चुरा. त्यात एक पुस्तक निघालं, शिवण सुटलेलं, आणि आत छापलंय १८५७! छातीत धडधडायलाच लागलं रे. चष्मा पुसून परत बघितलं तर आकड्याआधी पुसट 'शके'. म्हणजे ७८ मिळवायचे, १९३५ झालं. तू आधी हे बघ. आणि जाडजूड मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला तरी लगेच नाचू नकोस, दुसरी आवृत्ती खरंच १८५७ ची आहे पण १९७५ ला पुण्यात तिचं पुनर्मुद्रण झालंय, तेव्हा प्रकाशकाचं नाव नि कागद नीट बघ.

ऑनलाइन कोणी पाच हजार लावलेत म्हणून आपलं पुस्तक पाच हजाराचं होत नाही, तो मागितलेला भाव झाला, विकलं कितीला गेलं ते शोधायचं. मी गठ्ठा घेऊन एका दुकानात गेलो तर त्याने एकही पुस्तक न उघडता सगळ्याचा मिळून एकच आकडा सांगितला, अजून राग येतो मला. घेऊन परत आलो.

नुसतं जुनं असून भाव येत नाही. घरोघरी असलेल्या पोथ्या, दहाव्या-बाराव्या आवृत्तीच्या कादंबऱ्या, यांना फारसं कोणी विचारत नाही. पहिली आवृत्ती, वरचं मूळ वेष्टन शाबूत, लेखकाची सही, असं काही असेल तर बाजूला काढ. आणि पातळसे कुलवृत्तांत, गावाचे इतिहास पण, त्यांच्या मोजक्याच प्रती छापलेल्या असतात आणि त्या घराण्यातली माणसं ते शोधत असतात.

शंका आली तर मोठ्या ग्रंथालयात शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची (छापील मराठी पुस्तकांची यादी) बघायला माग, पहिल्या भागात १८०० ते १९३७ ची पुस्तकं आहेत. १८६७ च्या आधीचं काही निघालं तर ते दोलामुद्रित, म्हणजे मराठी छपाईच्या अगदी सुरुवातीच्या काळातलं, विकायचं नावच काढू नकोस, आधी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात दाखवू. हाताने लिहिलेली पोथी असेल तर पुण्याच्या भांडारकर संस्थेत.

आजोबा समासात पेन्सिलीने लिहायचे, आठवतंय? ते खोडू नकोस, कोणी कितीही सांगितलं तरी. फाटलेल्या पानाला सेलोटेप पण लावू नकोस, ती पिवळी पडून कागद खराब करते. मी शनिवारी रात्रीच येतो, मऊ ब्रश नि सुती फडकी घेऊन. वहिनींना सांग, जेवायला पिठलं-भाकरी चालेल.

तुझा,
बाळ्या